एकवीसपैकी वीस दिवस गावातले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुप्फुसाच्या कर्करोगावरील नव्या औषधांच्या चाचण्या आता फक्त मुंबईत होत नाहीत, नागपुरातही होतात. त्यांत दाखल होणारे रुग्ण यवतमाळ, वाशीम, गडचिरोली, मेळघाट अशा भागांतून येतात. गावात या विषयावर दोन बोलणी ऐकू येतात. एक, ‘आमच्यावर प्रयोग करून पाहतात.’ दुसरे, ‘परदेशी औषध फुकटात मिळते, सोडू नका.’ दोन्ही ऐकून रुग्णाच्या हाती काही लागत नाही. खरा प्रश्न या दोन्ही बोलण्यांच्या बाहेर राहतो, म्हणून हे पत्र.

केमोथेरपीचे चक्र बहुधा २१ दिवसांचे असते. सलाईन लागते एक दिवस. उरलेले वीस दिवस माणूस घाटंजीजवळच्या खेड्यात, एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात किंवा धारणीच्या डोंगरात असतो. औषधाचा त्रास होतो तो याच वीस दिवसांत. चाचणीची आखणी मात्र त्या एका दिवसाभोवती केलेली असते. त्या दिवशी पंप, फिल्टर, डॉक्टर, नर्स, नोंदवही सगळे हजर असते. नवव्या दिवशी रात्री ताप भरला तर जवळ काय असते, याचे उत्तर आराखड्यात सापडत नाही. ते लिहिल्याशिवाय ग्रामीण रुग्णाला पहिला डोस देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

आधी चाचणी म्हणजे काय ते नीट सांगायला हवे. पहिल्या टप्प्यात औषध किती द्यायचे ते शोधतात. नेहमीची पद्धत अशी : तीन रुग्णांना लहान डोस देतात. पहिल्या चक्रात तिघांपैकी कोणालाही ठरवलेल्या मर्यादेपलीकडचा त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे घेतात; सहांत तो एकच राहिला तर वर चढतात. दोघांना किंवा जास्त जणांना झाला की चढणे थांबते आणि खालची पायरी पक्की करतात. म्हणजे या टप्प्यात शिरणाऱ्याला ‘हे औषध तुम्हाला बरे करेल’ असे सांगणे खोटे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आधाराने १९९१ ते २००२ या काळात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या कर्करोगांचे मिळून त्यांत गाठ लक्षणीय लहान झालेले रुग्ण १०.६ टक्के होते आणि औषधाच्या विषारी परिणामाने दगावलेले ०.४९ टक्के. हे दोन्ही आकडे रुग्णाला त्याच्या भाषेत, शंभरात किती अन् हजारात किती असे सांगता येतात. दुसऱ्या टप्प्यात ठरलेल्या डोसने गाठ खरेच लहान होते का ते पाहतात. तिसऱ्यात नवे औषध आणि आजचे चालू उपचार यांची तुलना होते. कोणाला काय मिळणार ते संगणकाच्या चिठ्ठीवर ठरते, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. चालू उपचार उपलब्ध असताना ते बाजूला ठेवून नुसते बिनऔषधी सलाईन दिले जात नाही; तसे कोणी करत असेल तर चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे तक्रार करावी.

आता डोसविषयी. आज फुप्फुसाच्या कर्करोगात पहिल्या उपचारानंतर दिले जाणारे डोसेटॅक्सेल हे औषध याच मार्गाने आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते सुरुवातीला शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १०० मिलिग्रॅम दिले जात होते. औषधामुळे होणारे मृत्यू वाढल्याने मध्येच डोस ७५ वर आणावा लागला. या कमी डोसवर मध्यम आयुर्मान साडेसात महिने आले. ज्यांना केवळ आधाराचे उपचार होते त्यांचे ४.६ महिने. जास्त औषध म्हणजे जास्त गुण हा समज किती चुकीचा आहे, ते यावरून दिसते. दुसरे उदाहरण पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीच्या औषधाचे. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळल्या, जुलाब झाले, काही दगावले. शोध घेतल्यावर लक्षात आले की ज्यांच्या शरीरात फॉलिक आम्ल आणि बी-१२ कमी, त्यांनाच हे औषध जास्त बाधते. १९९९ च्या अखेरीस चालू चाचणीतच ही दोन जीवनसत्त्वे सर्वांना सुरू केली आणि त्रास घटला. आज ती उपचाराचाच भाग आहेत : फॉलिक आम्लाची गोळी पहिल्या डोसच्या आधी किमान पाच ते सात दिवस सुरू झालेली हवी, बी-१२ चे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन आठवडाभर आधी आणि पुढे दर नऊ आठवड्यांनी, आणि अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या, त्या आणि पुढच्या दिवशी.

ही दोन उदाहरणे मुद्दाम दिली. औषधाचे विष कोणत्या शरीरात जाते त्यावर त्याचा परिणाम ठरतो. चाचणीत पंचाहत्तर किलोचे, भरल्या पोटाचे लोकच असतील तर डोस त्यांच्यासाठी ठरतो आणि मग तोच आमच्या बेचाळीस किलोच्या शेतमजुराला दिला जातो. म्हणून ‘आमच्या लोकांना चाचणीत घेऊच नका’ हे आम्हाला मान्य नाही. आमचे लोक चाचणीत हवेत. पण त्यांच्या शरीराचा आणि त्यांच्या गावाचा हिशेब धरून हवेत.

शरीराचा हिशेब कसा चुकतो ते एका गणितात पाहता येते. मूत्रपिंड किती काम करते हे काढण्याचे जुने सूत्र असे : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते त्या घटकाच्या) ७२ पटीने भागा, स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. वय ६२, पुरुष, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टवर ०.९ ला ‘नॉर्मल’ छापलेले असते. गणित केले की उत्तर येते मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यायला बहुधा ६० लागतात. आता हाच रुग्ण तीन महिन्यांपूर्वी ५० किलोचा होता आणि जुन्या केसपेपरवरचे वजन तसेच उतरवले, तर उत्तर येते ६०. कागदावर रुग्ण चाचणीला पात्र ठरला आणि मूत्रपिंड गेले. या आजारात वजन पटापट उतरते. म्हणून प्रत्येक चक्राला, चप्पल काढून, त्याच काट्यावर वजन घ्यायचे, आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर डोस नव्याने काढायचा.

विदर्भासाठी आणखी एक तपासणी आम्हाला अत्यावश्यक वाटते, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. परदेशात लिहिलेल्या आराखड्यात ती नसते, कारण तिथे तिची गरज कमी भासते. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हा आजार घरोघरी ओळखीचा आहे. पांढऱ्या पेशी घसरल्या की त्या वाढवायला फिलग्रास्टिमचे इंजेक्शन देतात. सिकलसेलच्या रुग्णात याच इंजेक्शनाने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, मृत्यूही झालेले आहेत. औषधाच्या माहितीपत्रकातच हा इशारा आहे. साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ‘वाहक’ की ‘आजारी’ ते पक्के करावे. पहिल्या डोसच्या आधी.

दाखल होण्यापूर्वीच्या दोन अडचणी आपल्या भागात वारंवार दिसतात. पहिली क्षयरोगाची. छातीच्या एक्स-रेवर डाग, खोकला, वजन उतरलेले, थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी चार औषधांचा कोर्स सुरू होतो आणि तीन-चार महिने जातात. इकडे गाठ वाढत असते. सीबीनॅट ही क्षयरोगाचे जंतू शोधणारी तपासणी निगेटिव्ह असेल आणि महिना-दीड महिन्यात फरक नसेल तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासायला काढणे (बायोप्सी) टाळू नये. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. चाचणीच्या दृष्टीने यातले रिफाम्पिसिन महत्त्वाचे. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा जोरात चालू करते. त्यामुळे कित्येक औषधांचे रक्तातले प्रमाण इतके खाली येते की नवे औषध ‘लागू पडले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. रुग्ण ‘टीबीच्या गोळ्या झाल्या’ एवढेच सांगतो. शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते उपचार कार्डावरून पाहावे लागते.

दुसरी अडचण तुकड्याची. गाठीचा तुकडा काढला की तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात टाकायचा आणि ६ ते ७२ तासांत पुढची प्रक्रिया व्हायला हवी. आपल्याकडे काय होते? कधी तुकडा नुसत्या सलाईनमध्ये ठेवतात. कधी बाटली नातेवाइकाच्या हाती देतात; सोयाबीन सोंगणीचे दिवस, जायला कोणी नाही, बाटली आठ दिवस देवघराशेजारी. फॉर्मॅलिनमध्ये जास्त दिवस राहिले की आतला डीएनए तुटतो आणि ईजीएफआर, एएलके या जनुकीय तपासण्यांचा रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ असा येतो. हाडातला तुकडा आम्लात मऊ केला असेल तरी तेच. मग पुन्हा सुई, पुन्हा फुप्फुसात हवा शिरण्याचा धोका. छातीत पाणी असेल तर ते फेकू नये. त्यातल्या पेशी गोळा करून ठोकळा (सेल ब्लॉक) करता येतो, त्यातूनही जनुकीय तपासणी होते. हा रिपोर्ट आधी मागण्याचे कारण साधे आहे. आपल्या देशात या कर्करोगाच्या ॲडेनोकार्सिनोमा प्रकारात ईजीएफआरचा बदल बऱ्याच रुग्णांत सापडतो. तो असेल तर गोळीचा सिद्ध उपचार उपलब्ध आहे. तो न देता रुग्णाला प्रयोगाच्या केमोथेरपीत पाठवणे आम्हाला चूक वाटते. नेहमीची केमोथेरपी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते, हेही रुग्णाला त्याच वेळी सांगायला हवे, म्हणजे ‘चाचणीत गेलो नाही तर उपचारच नाही’ अशी भीती राहणार नाही.

आता त्या वीस दिवसांकडे येतो.

डोसनंतर पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात. म्हणजे रुग्ण गावात असताना. म्हणून आठव्या आणि पंधराव्या दिवशी रक्ताची तपासणी लिहिलेली असते. पण रिपोर्ट वाचण्यात गफलत होते. एकूण पांढऱ्या पेशी २१०० आल्या की ‘थोड्या कमी आहेत’ म्हणून घरी पाठवतात. पाहायचे असतात न्यूट्रोफिल, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी. २१०० मध्ये ते ३० टक्के असतील तर प्रत्यक्ष आकडा ६३०. हा तिसऱ्या श्रेणीचा धोका आहे. ५०० च्या खाली गेला की चौथी श्रेणी. तालुक्याच्या लॅबमधले साधे मशीन न्यूट्रोफिल वेगळे दाखवत नसेल तर काचेवर रक्त पसरवून हाताने मोजणी करून घ्यावी. जांभळ्या झाकणाची नळी मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवून नेली तर पेशी फुटतात. थंड डब्यात, पण बर्फाला थेट न लावता न्यावी.

ताप हा या दिवसांतला खरा शत्रू. न्यूट्रोफिल हजाराच्या खाली असताना ताप एकदा १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, की तो साधा ताप नाही. पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवे, पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम हा नेहमीचा पहिला डोस. रक्ताचे कल्चर (जंतू ओळखण्याची तपासणी) आधी घेता आले तर उत्तम, पण त्यासाठी औषध थांबवू नये. प्रत्यक्षात गावात होते ते उलटे. आधी पॅरासिटामॉल देतात, तापाचा आकडा लपतो. मग जवळचा दवाखाना डायक्लोफिनॅक आणि डेक्साचे इंजेक्शन देतो. ताप उतरतो, घाम येतो, घरच्यांना हायसे वाटते. जंतू मात्र रक्तात वाढतच असतात आणि पहाटे अंग गार पडते, रक्तदाब जातो. त्या डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. समोरच्या माणसाला नऊ दिवसांपूर्वी कोणते औषध दिले आहे, हे त्यांना कोणी कळवलेलेच नसते.

ताप मोजणेही आपल्या उन्हाळ्यात सोपे नाही. टिनाच्या घरात दुपारी हवाच ४४-४५ अंश सेल्सियस असते. तिथे पडून असलेला थर्मामीटर आधीच वर चढलेला असतो. डिजिटल असेल तर मर्यादा ओलांडल्याची खूण दाखवतो. तो कोरड्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ दहा मिनिटे ठेवावा. रुग्णाला अर्धा तास सावलीत बसवावे आणि मग मोजावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, म्हणून काखेत ९९.५ आले तरी फोन करावा. गुदद्वारात थर्मामीटर लावू नये, जखम होऊन जंतू आत शिरतात. सिस्प्लॅटिनसारख्या औषधात ओकाऱ्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चालतात. त्यात लू लागली की शरीरातले पाणी इतके आटते की मूत्रपिंड एका आठवड्यात बसते. लघवी दिवसातून तीन वेळांहून कमी होत असेल, गडद असेल, तर वाट पाहू नये. गोळ्यांच्या चाचणीत गोळ्या २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे डबीवर लिहिलेले असते. विदर्भातल्या मे महिन्यात ही अट पाळायला कोणत्या घरात काय सोय आहे, हे डबी देण्याआधी विचारावे, आणि सोय नसेल तर गोळ्या गावच्या उपकेंद्रातल्या फ्रिजजवळच्या थंड कपाटात आठवड्याआठवड्याने ठेवण्याची परवानगी आराखड्यातच घ्यावी.

घरातल्या इतर औषधांची चौकशी रागावून केली तर रुग्ण लपवतो. गुळवेलीचा काढा आपल्याकडे घरोघरी चालतो. तो घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. यकृताचे आकडे वाढले की दोष नव्या औषधावर जातो, डोस कमी होतो, आणि खरे कारण स्वयंपाकघरातच राहते. सांधेदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात. पपनस काही औषधांचे प्रमाण वाढवू शकते. शेतातली फवारणी तर विचारायलाच हवी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपण सर्वांनी पाहिली आहे. मळमळ, ओकारी, घाम ही लक्षणे केमोथेरपीतही येतात आणि फवारणीतही. बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला दिसला तर आधी फवारणी आठवावी. चाचणीतल्या रुग्णाने फवारणीला जाऊ नये, आणि त्याची मजुरी बुडते त्याचा विचार प्रायोजकाने, म्हणजे चाचणी चालवणाऱ्या कंपनीने, करावा.

रक्तात औषध किती आहे ते तपासण्याच्या नमुन्यांबद्दल थोडक्यात : ज्या हातात सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेऊ नये, आकडा खोटा फुगतो. ठरलेली वेळ न लिहिता घड्याळातली खरी वेळ लिहावी. दहा मिनिटे उशीर झाला तर तो उशीरच लिहावा. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) उणे ७० अंशांखाली राहायला हवा, आणि वीज गेली की फ्रीझरवर नजर ठेवणारा माणूस रात्रीही हवा.

गाठ लहान झाली की नाही, हेही नियमाने मोजतात. सीटीचे काप ५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवात दोन, प्रत्येकी किमान १० मिलिमीटर. समजा ४२ आणि २८, बेरीज ७०. ती ४९ किंवा खाली आली तर औषधाला प्रतिसाद. ४९ ही सर्वांत कमी बेरीज ठरली आणि पुढे ती ५९ झाली, तर आजार वाढला असे धरून औषध बंद. दहा मिलिमीटरच्या फरकावर एवढा निर्णय होतो. म्हणून एसटीचा फेरा वाचवायला एक सीटी नागपूरला आणि दुसरा तालुक्याच्या दुसऱ्या मशीनवर जाड कापांनी काढला, तर दोन्ही वाया. क्षयरोगाचा जुना चट्टा मोजणीत घेऊ नये. तो कोणत्याच केमोथेरपीने कमी होत नाही.

आता कागदाबद्दल. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवी. झरी-जामणीतल्या कोलाम रुग्णासाठी ती भाषा कोलामी, भामरागडात माडिया, मेळघाटात कोरकू. मराठीतला छापील कागद वाचून दाखवून अंगठा घेणे ही संमती नव्हे. वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ समोर हवा. तो चाचणीच्या पथकातला नसावा. रुग्ण परिस्थितीने दुबळ्या गटातला असेल आणि औषध अगदी नवे रसायन असेल, तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे आहे. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाची. आमचा आग्रह आहे की माहितीपत्रक आधी घरी न्यायला द्यावे आणि सही दोन-चार दिवसांनी घ्यावी. आपल्याकडे असा निर्णय एकटा माणूस घेत नाही. भाऊ, मुलगी, जावई, सगळ्यांशी बोलणे होते, आणि ते व्हायला हवे. कधीही नाही म्हणता येते, आणि नाही म्हटल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतात, हे नातेवाइकांसमोर मोठ्याने सांगावे.

पैशाचेही स्पष्ट हवे. चाचणीचे औषध आणि चाचणीसाठीच्या जादा तपासण्या यांचा एक रुपयाही रुग्णाकडून घ्यायचा नाही. प्रवासखर्च देतात, पण बिल दाखवल्यावर. काळी-पिवळीवाला बिल देत नाही. मग गावापासून फाट्यापर्यंतचे आणि फाट्यापासून तालुक्यापर्यंतचे पैसे रुग्णाच्याच खिशातून जातात, आणि तिसऱ्या चक्राला तो येत नाही. नोंदीत मात्र लिहिले जाते ‘रुग्णाने स्वतःहून सोडले’. अंतरावरून ठरलेली रक्कम निघण्याआधी हातात द्यावी, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीसह. एथिक्स कमिटीने मंजूर केली की यात नियमाची अडचण नाही. भेटीच्या तारखेत दोन-तीन दिवसांची मोकळीक बहुतेक आराखड्यांत असते. पोळा आणि कापूसवेचणी पाहून तारीख लावली तर गैरहजेरी निम्म्याने कमी होईल, अशी आमची खात्री आहे.

इजा झाली तर उपचार फुकट करणे बंधनकारक आहे. मृत्यू औषधामुळे झाला असे ठरले तर भरपाईचे सूत्र नियमात दिले आहे : आठ लाख, गुणिले वयाचा घटक, गुणिले आजाराच्या जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा घटक ९९.३७. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णासाठी जोखमीचा घटक ०.५, म्हणजे या वयाला चार लाख. सहा ते चोवीस महिन्यांची अपेक्षा असेल तर १, म्हणजे आठ लाख. हा फरक डॉक्टरने दाखल करताना केसपेपरवर काय लिहिले यावर पडतो; म्हणून ती नोंद रुग्णाने वाचून घ्यावी.

गंभीर घटना घडली की २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायचे असते. गावातल्या खासगी दवाखान्यात एक रात्र भरती झाली तरी ती गंभीर घटनाच. रुग्ण घरीच दगावला आणि तेराव्यानंतर मुलाने फोन केला, तर कारण ठरवायला हातात काहीच नसते. तापाची नोंद, रक्ताचा शेवटचा रिपोर्ट, दवाखान्याची चिठ्ठी, दिलेल्या इंजेक्शनांची नावे : एवढे चार कागद कुटुंबाने जपले तरी पुढचे सोपे होते.

म्हणून पहिल्या डोसआधी रुग्णाच्या घरात आणि गावाजवळ काय असावे ते लिहितो. एक थर्मामीटर आणि वही. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर, भिंतीवर मोठ्या अक्षरात. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला आधीच पोचलेले पत्र : औषधाचे नाव, दिलेली तारीख, कोणत्या दिवसांत पेशी घसरतात, ताप आल्यास कोणते इंजेक्शन, काय देऊ नये. त्या रुग्णालयाच्या कपाटात अँटिबायोटिकचा पहिला डोस, खर्च प्रायोजकाचा. आशाताईंना आठव्या आणि पंधराव्या दिवसाची तारीख, आणि त्या कामाचा मोबदला. १०८ ची गाडी पोचायला किती वेळ लागतो ते एकदा दिवसा आणि एकदा पावसाळी रात्री पाहून ठेवावे. नाल्याला पूर आला की एटापल्ली-भामरागडकडचे रस्ते बंद होतात, त्या महिन्यांत रुग्णाची सातव्या ते चौदाव्या दिवसांची सोय तालुक्याच्या ठिकाणीच करावी. यातले काहीच महागडे नाही. एका रुग्णाच्या एका सीटी स्कॅनच्या खर्चात बहुतेक बसते.

एथिक्स कमिट्यांना आमची विनंती आहे की ग्रामीण रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक आराखड्यात हे पान जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. कमिटीत किमान सात सदस्य असतात, त्यांत निम्मे संस्थेबाहेरचे आणि एक सामान्य नागरिक असणे नियमाने बंधनकारक आहे. ती जागा खेड्यात राहणाऱ्या माणसाने भरावी.

आणि रुग्णांच्या घरच्यांना : चाचणी नोंदलेली आहे का ते क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, १५ जून २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. गावातला बारावीचा मुलगाही मोबाइलवर शोधून देईल. संमतीपत्रावर वारसाचे नाव, पत्ता आणि रुग्णाचे वार्षिक उत्पन्न लिहायचा रकाना असतो. तो रिकामा राहिला असेल तर सही करू नका.

आपले,
कर्करोग उपचार व औषधचाचणीच्या कामातील काही डॉक्टर, परिचारिका आणि समन्वयक
वर्धा व यवतमाळ जिल्हा